धनाजीरावांचं इंजेक्शन आमाला का न्हाई

सातारा, दवाखान्यातनं
शुक्कुरवार, सकाळचा च्या येऊन गेल्यावर

चि. सौ. क्रांतीस,

मालनआक्काचा आशीर्वाद. (रीत हाय म्हणून आधी आशीर्वाद. मनात काय हाय ते पुढं कळंल.) तुझी तब्येत बरी असंल, धनाजीरावांची तर बरी असणारच, त्यांना काय धाड भरल्या, आष्ट्यात पोरं, सासूबाई, म्हस सगळी बरी असतील. आमची खुशाली इचारशील तर तुझ्या दाजींचा उजवा पाय आता जमिनीला टेकतोय, हात अजून ऐकत न्हाई, आन तोंडातनं शब्द निघतोय, पण निघायच्या आधी नव्या नवरीगत उंबऱ्यात उभा ऱ्हातोय. फोन का केला न्हाई म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, मधीच "आक्का, आमच्या ह्यांचं तर" म्हणून सुरू करतीस. कागद मधी बोलत न्हाई. आपल्या गावच्या ज्ञानूचा टेम्पो आल्याची पोती घेऊन सांगलीकडं निघालाय, तो आष्ट्यात देऊन पुढं जाईल. पत्राला कारण हाय. ते खाली यील. आधी माझं पोट मोकळं हुंदे.

क्रांते, एका आईच्या आपण दोघी लेकी. एकाच महिन्यात दोघींच्या नवऱ्यांच्या अंगावरनं वारं गेलं. तवा मला वाटलं, चला, कधी न्हाई ते देवानं दोघींना सारखं माप घातलं. (लहानपणी जत्रंला तुला दोन बांगड्या जास्त मिळायच्या, ते मी काढत न्हाई.) पण न्हाई. हितंबी तुझंच माप मोठं. धनाजीराव रविवारचं दाढी करत हुतं, आरशात बघता बघता तोंड वाकडं झालं, हातातला ब्रश गळला, बोलणं बोबडं झालं. तू वाट बघितली न्हाईस, झोपवलं न्हाईस, तेल चोळलं न्हाईस, शेजाऱ्याच्या गाडीत घातलंस आन सांगली गाठलीस. तिथं डोस्क्याचा फोटू काढला, रक्ताची गाठ अडकल्या म्हणाले, गाठ विरघळायचं इंजेक्शन दिलं, आन दिवस मावळायच्या आत धनाजीरावांनी तोच हात वर करून नर्सबाईला च्या मागितला. हे मला तू फोनवर सांगितलंस. मग तुझ्या पूजाकडनं कळलं, मग आईकडनं कळलं, मग पलूसच्या मामींकडनं कळलं, आन एकदा यष्टीत शेजारी बसलेल्या बाईनं मलाच सांगितलं की आष्ट्यात एक जण हाय, मरणाच्या दारातनं परत आलाय.

आन बघायला किती माणसं आली म्हणतीस! कारखान्याचं संचालक आलं, बँकेतलं साहेब आलं, नारळपाण्याचा ढीग पडला, सफरचंदं म्हशीला घालायची येळ आली. मी आले तवा धनाजीराव ओसरीला खुर्ची टाकून इस्त्रीच्या सदऱ्यात बसलेलं. येणाऱ्या परत्येकाला तोंड कसं वाकडं झालं हुतं ते करून दाखवत हुतं. नवा माणूस आला की परत वाकडं. मी पाच-सहा येळा बघितलं. शेवटी मलाच वाटाय लागलं की ते तसंच अडकून बसावं. (चुकून वाटलं. पण वाटलं.) आन वरनं सांगत काय हुतं, तर इंजेक्शननं भागलं नसतं तर मांडीतल्या शिरंतनं तार घालून पार डोस्क्यापत्तूर न्हेली असती आन गाठ ओढून भाईर काढली असती. अगं, झालेल्या इलाजाचा तोरा मी समजू शकते. न झालेल्या इलाजाचाबी तोरा?

आता आमचं ऐक. तुझं दाजी लष्करातनं आल्यापासनं बीपीची गोळी खायला राजी न्हाईत. बर्फात पहारा दिलेल्या माणसाला गोळी कशाला लागती, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी उसाला पाणी द्यायची पाळी आमची, आन शेजारच्या बांधकऱ्यानं पाण्याचं बारं आपल्या रानात फिरवलं. भांडण झालं. मी भाकरी घेऊन पोचते तवर हे एका हातानं कपाळ धरून म्हणाले, डोक्यात कुणीतरी पहार घातली, आन भडाभडा उलटी करून सरीतच आडवे. उजवी बाजू लुळी. मी रडले न्हाई. खरं सांगते, पैला इचार काय आला असंल? धनाजीरावांना दवाखान्यात पोचायला किती येळ लागला हुता? तूच सांगितलं हुतंस, चार-साडेचार तासाच्या आत गेलं तरच त्ये इंजेक्शन चालतं, आन जितकं आधी तितकं बरं. मी जीपवाल्याला म्हटलं, पळव, आष्टेकरांच्या आधी पोचलो पायजे. आन पोचलो! तुमच्यापरीस लय आधी पोचलो. दारातनंच मी वरडले, विरघळायचं इंजेक्शन काढा, पेशंट येळेत आणलाय.

तिथं एक डॉक्टरीण हाय, भार्गवी म्हणून, वाईची. काटकुळी पोर, पण नजर मास्तरीणबाईगत. ती म्हणाली, आधी डोस्क्याचा फोटू. मी म्हटलं, फोटू नंतर काढा, इंजेक्शनची येळ जाईल. ती म्हणाली, फोटूशिवाय इंजेक्शन न्हाई. काढला फोटू. बघून आली आन म्हणाली, काकू, ह्यांना ते इंजेक्शन देता येणार न्हाई. बस. क्रांते, माझ्या अंगाचा भडका उडाला. तिकडं आष्ट्यातल्या कारकुनाला इंजेक्शन, आन हितं सरहद्दीवर उभ्या ऱ्हायलेल्या माणसाला न्हाई? मी म्हटलं, का गं बाई, आमचा माणूस सवतीचा हाय? माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सांगलीत देत्यात, तुमच्या साताऱ्यात संपलंय का? संपलं असंल तर सरळ सांगा, मी ह्यांना उचलून सांगलीला न्हेते. दारावरचा शिपाई आला, दोन नर्सा आल्या, शेजारच्या पेशंटची नातेवाईकबी आली, त्यातली निम्मी माझ्या बाजूनं बोलाय लागली.

ती पोर काय चिडली न्हाई. म्हणाली, काकू, तुमच्या बहिणीच्या मालकांची नळी तुंबली हुती, तुमच्या मालकांची फुटल्या. ते इंजेक्शन रक्ताची गाठ विरघळवतं. ह्यांच्या डोक्यात रक्त सांडतंय, ते थांबायला गाठच धरायला पायजे. आता ते दिलं तर मी त्यांना मारल्यागत हुईल. आता एवढं बोलल्यावर मला आपलं ठिबक आठवलं. नळी तुंबली की आपण ॲसिड सोडतो, कचरा विरघळतो, पाणी मोकळं. आन नळी फुटली की पैली मोटार बंद, दाब कमी. फुटल्या नळीत ॲसिड सोडणाऱ्याला आपल्याकडं काय म्हणत्यात ते मी दवाखान्यात बसून लिहीत न्हाई. मग मी बाकड्यावर जाऊन टेकले. (पटलं म्हणून न्हाई. दमले हुते.) वारं म्हटलं की एकच वारं असं आपण समजतो, पण हितं आल्यावर कळलं की वरनं सारखं दिसणारं आत पार उलटं असतंय, आन एकाचं औषध ते दुसऱ्याचं इख.

मग ह्यांचा इलाज काय, तर बघण्यासारखं काय न्हाईच. मशीनला लावून थेंब थेंब औषध सोडून बीपी खाली आणायचं, तेबी एकदम न्हाई. उशाकडनं खाट उचललेली. तोंडानं पाण्याचा घोट द्यायचा न्हाई, का तर गिळता यायच्या आधी दिला तर फुफ्फुसात जातंय. मोठं आपरेशनवालं डॉक्टर येऊन बघून गेलं, कवटी उघडायची का न्हाई त्याचा इचार केला, दुसऱ्या दिशी परत फोटू काढला, आन म्हणालं, रक्त वाढलेलं न्हाई, उघडायची गरज न्हाई, हळूहळू आपोआप जिरंल. ऐकलंस? तुमचं त्यांनी विरघळवून दिलं. आमचं आपोआप जिरंल. तुमी दिवस मावळायच्या आत च्या पिला, आन आमी काचंच्या भाईर उभं ऱ्हाऊन रक्त जिरायची वाट बघत बसलो. कुणी इचारलं, काय इलाज चाललाय, तर सांगायला लाज वाटायची. बीपी खाली आणत्यात, हे काय बघायला आलेल्या माणसाला सांगायचं कौतुक हाय का?

आन बघायला आलं कोण? बनुबाई. हो, आपल्या गल्लीतली. ह्यांना साध्या वार्डात आणल्यावर ती पिशवी घेऊन आली. मला वाटलं, संत्री असतील. पिशवी हलत हुती. बाईनं जिता पारवा आणलेला! लुळ्या हाताला पारव्याचं गरम रक्त चोळलं की वारं उतरतं म्हणं. मी म्हटलं, बनुबाई, हितं माणसाचं रक्त भाईर आलंय म्हणून सगळी घोर लावून बसल्यात, त्यात तुमी आणखी पाखराचं सांडू नका. एवढ्यात पारवा सुटला. पंख्याजवळनं गेला, सलाईनच्या दांड्यावर बसला, एका म्हातारीच्या पेजेत पाय घालून परत उडाला. शिपाई झाडू घेऊन मागं, बनुबाई शिपायाच्या मागं, नर्सबाई बनुबाईच्या मागं. आन तुझं दाजी, त्या दिवसापत्तूर ज्यांच्या तोंडावरची सुरकुती हलली नव्हती, ते अर्ध्या तोंडानं हसाय लागलं. अर्धंच, पण हसलं. मी तिकडं तोंड करून पदर डोळ्याला लावला. मग वाटलं, आष्ट्यात संचालक आलं, आन आमच्याकडं पारवा.

घरी सोडल्यावर तू आलीस. आलीस त्याचं बरं वाटलं, मी न्हाई म्हणत न्हाई. पण धनाजीरावांना कशाला आणलंस? ते गाडीतनं उतरून आपल्या पायानं पायऱ्या चढलं आन सगळी गल्ली त्यांना बघायला लोटली. आमच्या घरात, आमच्या खाटंवर आमचा आजारी माणूस, आन लोकं ओसरीवर तुझ्या नवऱ्याचा हात दाबून बघत्यात! खरंच वारं गेलतं व्हय? कुठल्या बाजूला? मग काय, परत तोंड वाकडं करून दाखवणं आलंच. माझ्या घरच्या च्यावर. आतल्या खोलीत तुझं दाजी हातात रबरी चेंडू धरून बसलेलं, बोटं मिटायची म्हटली की घामानं भिजत्यात, त्यांना बघायला शेवटी दोघं आलं, तेबी टॉयलेट कुठं हाय इचारायला.

आन जाताना तू माझ्या हातात गोळ्यांची पट्टी दाबलीस. म्हणालीस, आक्का, ही रक्त पातळ करायची, ह्यांना लय गुण आलाय, दाजींना रोज रातच्याला एक देत जा, दवाखान्यात सांगू नको, ती मुद्दाम चांगलं लिहून देत न्हाईत. आपल्या घरात हे नवं न्हाई. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या मी खाते, माझं डोळ्याचं औषध तू वासराच्या डोळ्यात घातलंस, अण्णांची खोकल्याची बाटली सगळ्या भावकीत फिरली. एकाला लागू पडलं की दुसऱ्याला द्यायचं, ह्यालाच आपण माया म्हणतो. तू गेल्यावर मी पट्टी हातात धरून बसले. आन क्रांते, देणार हुते, पण जीवच झाला न्हाई. मनात आलं, माझ्या नवऱ्यानं बरं व्हायचं तर हिच्या नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्यांवर? म्हंजे उद्या हे उठून चालाय लागलं तरी नाव हुणार तुझं! सगळीकडं सांगत फिरशील, मीच गोळी दिलती. नको. टाकली पट्टी तुरीच्या डाळीच्या डब्यात.

परवा ह्यांना दाखवायला हितं घेऊन आले, तवा ती पट्टी काढून डॉक्टरीणबाईंच्या पुढं आपटली. म्हटलं, आष्टेकर ही खात्यात, आमाला हिच्यापरीस भारी द्या. बाईंनी पट्टी उलटी करून वाचली आन त्यांचा चेहराच उतरला. यातली एक तरी दिली का? मी म्हटलं, बोटबी लावलं न्हाई. त्या म्हणाल्या, खरं सांगा काकू. मी म्हटलं, खरंच सांगते. का न्हाई दिली? आता डॉक्टरपुढं काय लपवायचं. म्हटलं, बहिणीवर जळते म्हणून. त्या खुर्चीत मागं टेकल्या, डोळे मिटलं, आन म्हणाल्या, जळा काकू, आणखी जळा. ज्यांची नळी परवा परवा फुटल्या त्यांना रक्त पातळ करायची गोळी दिली असती तर परत रक्त सांडलं असतं, आन या खेपंला कदाचित हितपत्तूर यायची येळबी आली नसती. ह्यांना गोळी एकच मुख्य, बीपीची, आन ती न चुकता.

म्हंजे बघ. तू माझ्या नवऱ्याला मायेनं मारला असतास, आन मी त्याला जळून वाचवला. माझ्यावर सगळी म्हणत आली, मालन खाष्ट, मालन कुणाचं बरं बघू शकत न्हाई. आता सांग. तू चांगली हायस, हे मला पैल्यापासनं ठावं हाय, त्याचाच तर तरास हाय. आता थांबते, नर्सबाई बीपी बघायला आल्यात. (कुणाचं ते खाली.) आईला दंडवत सांग, पोरांना आशीर्वाद. धनाजीरावांना काय सांगू नको.

तुझी आक्का,
मालन

ता. क. – गोळ्यांची पट्टी ज्ञानूजवळ परत देते. डाळीचा वास यील, पुसून घे. आन ह्या गोळ्या धनाजीरावांना येळच्या येळी दे, बरं वाटतंय म्हणून बंद करू देऊ नको. त्यांच्यासारख्यांनी गोळी सोडली की परत गाठ अडकती, असं बाईंनी बजावून सांगितलंय. त्यांनी परत तोंड वाकडं केलं तर बघणाऱ्यांना दाखवायसाठी करत्यात का खरंच झालंय, हे ओळखायचं तुलाच हाय. आईला मातूर ह्यातली देऊ नको. कुणालाच देऊ नको. तुझी माया जरा आवर.

ता. क. दुसरा – वर लिहिलंय ते सगळं खरं हाय, पण एक गाळलंय. परवा बाईंनी जळा म्हटल्यावर मी पट्टी उचलाय गेले, तर डावा हात उचलंना. म्हंजे हात माझाच, पण दुसऱ्याचा असल्यागत टेबलावर पडलेला. बोलाय गेले तर जीभ फिरंना. तुझं दाजी शेजारी बसलेलं, ज्यांना एक शब्द काढायला घाम फुटतो, ते असे वरडले "मालन!" की भाईरच्या रांगंतली माणसं उठून उभी ऱ्हायली. लगीन झाल्यापासनं चारचौघात त्यांनी माझं नाव घेतलं ते हे पैल्यांदा. थोड्या येळानं हात आपोआप हलला, जीभ फिराय लागली, मी म्हटलं, कायसं न्हाई, चला घरी. बाईंनी सोडलं न्हाई. फोटू काढला. रक्त न्हाई, गाठीची खूणबी न्हाई. म्हणाल्या, ह्याला आला आन गेला झटका म्हणत्यात, पण गेला म्हणून सोडायचा नसतो, ह्यो पुढच्या मोठ्याची वर्दी देऊन जातोय. म्हणून मानंच्या शिरा तपासल्या, काळजाची पट्टी काढली, साखर बघितली, गोळ्या चालू केल्या, आन खाटंवर ठेवलंय. तवा हे पत्र मी खाटंवर बसून लिवते, खाट माझी हाय, आन तुझं दाजी खाली स्टुलावर बसून डाव्या हातानं मोसंब सोलत्यात. साल कमी, गर जास्त निघतोय. आमच्या वाट्याला वारंबी आलं तर तेबी अर्धंमुर्धं. माणसं बोलवून दाखवावं असं त्यात काय न्हाई.

ता. क. शेवटचा – आमच्या पोराची, शिवतेजची, पलटण लांब हाय, त्याला सुट्टी मिळायची न्हाई, मिळत असली तरी मी कळवू देणार न्हाई. सकाळी नर्सबाईंनी इचारलं, पेशंटजवळ ऱ्हायला कोण येणार हाय, तुमचं जवळचं माणूस कोण? मी तुझं नाव सांगितलं. आष्टा म्हणून गावबी सांगितलं. तवा आता ये. ह्यांना जेवण भरवायला कुणी न्हाई, आन मला उठू देत न्हाईत. ते नाव तोंडातनं कसं निघालं ते मला इचारू नको. डॉक्टरीणबाई म्हणत्यात, बोलणं आता पुरतं सुधारलंय, तवा आजारात कायबी बरळले असं म्हणायलाबी मला जागा ऱ्हायली न्हाई.